ऊन घरात येतं कुठून?

मुलांनो, आज एक काम करायचं. दिवेलागणीनंतर, साधारण साडेसात वाजता, घरातल्या चारही भिंतींना आतल्या बाजूने तळहात लावून बघायचा. कॅलेंडर किंवा कपड्यांची खुंटी मधे येत असेल तर थोडं सरकून लावा. मग जमिनीला हात लावा. स्टूल धरायला मोठं माणूस असेल तर छतालाही लावा, पण पंखा बंद करूनच चढायचं, हं! सगळ्यात गरम काय आणि सगळ्यात गार काय, एवढंच वहीत लिहा.

माझ्या चौथीच्या वर्गाने हे मार्च महिन्यात केलं. बहुतेकांनी लिहिलं, सूर्य बुडतो त्या बाजूची भिंत गरम. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लिहिलं, छत गरम. एका पठ्ठ्याने लिहिलं की आमची एक भिंत अजिबात गरम नाही, कारण तिच्या पलीकडे शेजारचे काका राहतात. सगळा वर्ग हसला. मी मात्र त्याला शाबासकी दिली, कारण त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्या भिंतीला ऊनच लागत नाही, मग ती तापणार कशाने?

पण सूर्य तर केव्हाच मावळला. मग साडेसातला भिंत गरम कशी? त्याचं असं आहे, उष्णता भिंतीतून चालत येते आणि तिला चालायला वेळ लागतो. नऊ इंची विटांच्या भिंतीला बाहेरून चार वाजता लागलेलं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. आईने गॅस बंद केला तरी तवा बराच वेळ चटका देतो ना? तुमची भिंत म्हणजे उभा करून ठेवलेला एक भला मोठा तवाच.

आता पश्चिमेचीच भिंत का? दक्षिणेची का नाही? हे कळायला सूर्याची चाल नीट बघायला हवी. आपण लहानपणापासून म्हणतो की सूर्य पूर्वेला उगवतो, दुपारी डोक्यावर येतो आणि पश्चिमेला मावळतो. यातलं 'दुपारी डोक्यावर' हे वर्षातले दोनच दिवस खरं असतं, बरं का! आपलं पनवेल विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ १९ अंशांवर आहे. इथे सूर्य अगदी बरोब्बर डोक्यावर येतो तो १५-१६ मेच्या सुमाराला आणि पुन्हा २७-२८ जुलैला. त्या दिवशी दुपारी साडेबारा वाजून चार-पाच मिनिटांनी (जुलैत आणखी नऊ-दहा मिनिटं उशिरा) उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिन्यातला दिवस चुकवू नका. सुट्टीच असते.

या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे गेलेला असतो. बाकी सारं वर्ष तो दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात तर इतका कलतो की भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो, म्हणजे अर्ध्या आभाळात. थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येऊन मांजर तिथेच का बसतं, ते कळलं?

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवी-आठवीच्या ताई-दादांनी कागदावर आकृती काढून दाखवावी. दक्षिणेच्या भिंतीत चार फूट उंच खिडकी आहे आणि तिच्यावर दोन फुटांचा छज्जा आहे, असं समजा. डिसेंबरच्या भर दुपारी छज्जाची सावली भिंतीवर दोन फुटांपेक्षा थोडीच जास्त खाली उतरते. म्हणजे खालची अर्धी खिडकी ऊन खाते. मार्चच्या एकवीस-बावीस तारखेला तीच सावली जवळजवळ सहा फूट खाली येते आणि अख्खी खिडकी सावलीत जाते. मे महिन्यात तर दुपारी त्या भिंतीला ऊन शिवतच नाही. एक साधा सिमेंटचा छज्जा, पण थंडीत ऊन आत सोडतो आणि उन्हाळ्यात अडवतो. त्याला ना वीज लागते, ना बटण.

ही युक्ती फार जुनी. ग्रीस देशात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी सॉक्रेटिस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. घर दक्षिणेकडे तोंड करून बांधा, पुढे ओसरी ठेवा, म्हणजे थंडीतलं ऊन आत येईल आणि उन्हाळ्यातलं वरच्यावर निघून जाईल, असं तो सांगत असे. त्याचा शिष्य झेनोफन याने ते लिहून ठेवलं आहे.

पण हाच छज्जा पश्चिमेला लावा, काही उपयोग नाही! मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटांच्या छज्जाची सावली जेमतेम फूटभर पडते. उरलेली तीन फूट खिडकी उघडीच. ऊन छज्जाखालून सरळ घरात घुसतं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतं. इथे आडवा छज्जा कामाचा नाही. इथे उभं काहीतरी हवं. झाड चालेल, बांबूचा पडदा चालेल, वेल चालेल, नाहीतर खोल पडवी हवी.

आणि छत? मे महिन्यात सूर्य डोक्यावर, म्हणजे कोणाच्या डोक्यावर? तुमच्या नाही, छताच्या! भिंतींना ऊन वाटून वाटून मिळतं, सकाळी एकीला, संध्याकाळी दुसरीला. छत मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकटंच भाजत असतं. साडेचार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ती उष्णता पोटात घेतो आणि रात्री आपण अंथरुणावर पडलो की वरून हळूहळू परत देतो. वरच्या मजल्यावरची मुलं म्हणतात ना, बाई, आमचा पंखा गरम वारा मारतो! बिचाऱ्या पंख्याची काहीच चूक नसते. स्लॅबखाली जमलेली गरम हवा तो खाली ढकलतो, एवढंच.

आता आपल्याकडची जुनी घरं आठवा. पनवेलच्या जुन्या गावात काही वाडे अजून उभे आहेत. आसपासच्या गावांत कौलारू घरं आहेत, आणि कर्नाळ्याच्या, माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरंही दिसतात. त्यांच्याकडे नुसतं 'जुनं' म्हणून बघू नका. यंत्राकडे बघतो तसं बघा.

कौल पातळ असतं, त्यामुळे ते लवकर तापतं पण लवकर निवतंही. सूर्य मावळला की थोड्याच वेळात ते थंड पडतं. दोन कौलांच्या मधल्या फटींतून गरम हवा वर निसटून जाते. कौलाखाली माळा असतो. तिथे आपण लाकडं, सुकवलेलं सामान, जुन्या ट्रंका ठेवतो, पण खरं सांगायचं तर तिथे हवेची एक जाड गादीच पसरलेली असते. कौलाची धग आधी त्या गादीत अडते, मग खाली येते. छप्पर भिंतीच्या बाहेर हात-दीड हात पुढे आलेलं असतं. त्या वळचणीमुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि ऊनही भिंतीवर पडत नाही. आणि घराभोवती पडवी! पडवी म्हणजे घराने डोक्यावर धरलेली छत्री. ऊन पडवीत थांबतं आणि माजघर सावलीत राहतं. शिवाय दिवाळीनंतर अंगणात झावळ्यांचा मांडव घालायचा, मिरगाच्या आधी काढून टाकायचा. हवी तेव्हा सावली, नको तेव्हा नाही.

जाता जाता सांगते, आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो ती सपाट, खाचेची कौलं इथली नव्हेत. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या युरोपियन मंडळींनी त्यांचा कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने चाकावर केलेले नळे असत. म्हणजे आपण ज्याला 'परंपरा' म्हणतो, त्यातही कधीतरी काहीतरी नवीन आलेलं असतं आणि लोकांनी पारखून घेतलेलं असतं.

एक प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. सोलापूरकडे, मराठवाड्याकडे जाड मातीची माळवदाची घरं असतात, ती उन्हाळ्यात गारेगार असतात. मग आपण तशी का नाही बांधत? चांगला प्रश्न आहे. पहिलं कारण तुम्ही सांगालच, आपला पाऊस. मातीचं सपाट माळवद इथल्या एका आषाढात विरघळून जाईल. पण दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. तिकडे दुपारी रणरणतं, पण रात्री हवा चांगली उतरते. जाड भिंत दिवसभर ऊन खाते आणि रात्री सगळं टाकून सकाळी पुन्हा गार होऊन तयार. आपल्याकडे समुद्र जवळ, हवा दमट. रात्रीही पारा फारसा उतरत नाही. मग जाड भिंतीला निवायला वेळच कुठे मिळतो? म्हणून कोकणातल्या घराचा भर जाडीवर नाही, सावलीवर आणि वाऱ्यावर आहे.

दमटपणाचं महत्त्व आणखी एका कारणासाठी समजून घ्या. आपलं शरीर घामाने गार होतं. घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. हवेतच भरपूर बाष्प असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो. नागपुरात वाळ्याचा कूलर मस्त चालतो आणि पनवेलला तोच कूलर घर चिकट करून टाकतो, ते यामुळेच. माठाचंही तसंच. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेजारी खारघरला एक मोठा कार्यक्रम भर उन्हात, उघड्या मैदानावर झाला. उष्माघाताने १४ माणसं दगावली. त्या दिवशी पारा पंचेचाळिशीला गेला नव्हता, अडतीसच्या आसपास होता. विदर्भातली माणसं म्हणतील, एवढंच? पण दमट हवेत, डोक्यावर सावली नसताना, तासन् तास बसणाऱ्या शरीराला तेवढंही फार होतं. म्हणून पालकहो, घरात आजी-आजोबा असतील, तान्हं बाळ असेल, तर उन्हाळ्यातली खोली कशी आहे हा नुसता सोयीचा प्रश्न नाही.

आता एका मोठ्या माणसाची ओळख करून देते. चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) हे आपल्या देशातले फार नावाजलेले वास्तुरचनाकार. नवी मुंबई वसवण्याची कल्पना ज्या तिघांनी मांडली त्यांतले ते एक, आणि १९७० ते १९७५ या काळात ते सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पनवेलहून लोकलने निघालं की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर आणि मग बेलापूर. त्या बेलापुरात 'आर्टिस्ट्स व्हिलेज' म्हणून वसाहत आहे. ती कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात उभी केली. सात घरं आणि मधे आठ मीटर लांब-रुंद अंगण, असा एक गट. असे तीन गट मिळून मधे त्याहून मोठं अंगण. प्रत्येक घराला स्वतःची मोकळी जागा आणि वर उतरतं कौलारू छप्पर. एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही, म्हणजे पुढे कुटुंब वाढलं तर ज्याने त्याने आपापलं घर वाढवावं. कोरियांचं म्हणणं होतं की आपल्या हवेत उघड्या आभाळाखालची जागा हीसुद्धा एक खोलीच असते. सकाळी निवडण-टिपण अंगणात, दुपारी आत, रात्री पुन्हा अंगणात. माणूस सावलीच्या मागोमाग हलतो.

त्याच सुमाराला, १९८३ मध्ये, मुंबईच्या पेडर रोडवर त्यांची 'कांचनजंगा' ही उंच इमारत पुरी झाली. तिथे एक पेच होता. मुंबईत वारा येतो समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून. पण संध्याकाळचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच! खिडकी उघडावी तर ऊन येतं, बंद करावी तर वारा जातो. कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या पडवीकडे बघितलं आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंच, खोल अशी गच्ची-बाग ठेवली. ऊन-पाऊस गच्चीत अडतो, वारा आत येतो. थोडक्यात काय, आपल्या आजोळची पडवी लिफ्टने वर गेली!

बेलापूरला मात्र आज गेलात तर त्यातली बरीच घरं पाडून त्या जागी स्लॅबची मोठी घरं उभी राहिलेली दिसतील. मला ते बघून वाईट वाटतं. पण त्या घरांतल्या माणसांना दोष देववत नाही. का, ते पुढच्या पत्रावरून कळेल.

पेणकडच्या एका गावातून सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिने बजावलं आहे. त्यांचं कौलारू घर या पावसाळ्यानंतर पाडायचं ठरतं आहे. बाबांना आणि काकांना स्लॅबचं घर हवं. आजी दोन दिवस जेवली नाही. ती म्हणते, मी मेल्यावर काय ते करा. मुलीला स्वतःची अभ्यासाची खोली मिळणार म्हणून आनंद आहे आणि आजीकडे बघून रडूही येतं. तिने विचारलं आहे, बाई, बरोबर कोण?

बाळ, दोघंही. तुझे बाबा म्हणतात ते मी स्वतः बघितलेलं आहे. दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचं, माकडांनी फोडलेली कौलं बदलायची, वाळवीने खाल्लेले वासे-रिपा बदलायच्या, आणि हे काम येणारा माणूस आता शोधून सापडत नाही. रात्री गळायला लागलं की टोपल्या-पातेली मांडत बसावं लागतं ते वेगळंच. शिवाय कौलांवर दुसरा मजला चढत नाही, आणि तुम्हाला खोल्या हव्यात. आणि आजीचं म्हणशील, तर तिने त्या घरात साठेक उन्हाळे काढले असतील. स्लॅबखाली काय होतं ते तिला गणित न करता माहीत आहे.

तेव्हा भांडण 'कौल की स्लॅब' असं न ठेवता बाबांना हे विचार. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिम अशा घेता येतील का? पश्चिमेला तुझी अभ्यासाची खोली नको. तिथे जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली जाऊ दे. त्या खोल्यांत कोणी झोपत नाही, त्यांनी खुशाल तापावं. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन खिडक्या हव्यात. वारा हा पाहुण्यासारखा असतो, बाहेर पडायला दार दिसलं नाही तर तो आतच शिरत नाही. आणि भिंतीत अगदी वर, छताजवळ झरोका हवा, म्हणजे वर चढलेली गरम हवा तिथून जाईल. कोरियांनी अहमदाबादला १९६१-६२ मध्ये एक लहानसं घर याच तत्त्वावर बांधलं होतं. तिरक्या छताच्या कडेने गरम हवा वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते. ते घर आता नाही, पण युक्ती शिल्लक आहे आणि फुकट आहे.

स्लॅबवर ऊन सरळ पडू द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे गच्ची गळू नये म्हणून लोक वर पत्र्याची शेड टाकतात. ती पावसासाठी असते, पण नकळत स्लॅबला सावलीही मिळते. फक्त शेडच्या बाजू बंद करू नका, मधून वारा वाहिला पाहिजे. शेड नसेल तर गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरशीचे तुकडे, बसवून घ्या. तेही महाग वाटलं तर दर उन्हाळ्यात पांढरा चुना. पांढरं ऊन परतवतं, काळं गिळतं. अहमदाबाद शहरात मे २०१० च्या उन्हाच्या लाटेत फार माणसं गेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवण्याचं कामही हाती घेतलं.

आणि एक माझ्या मनातलं. जुनी कौलं फेकू नका, विकूही नका. नव्या घराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला चांगली सहा फूट खोल पडवी काढा आणि तिच्यावर तीच कौलं घाला. पडवीची कौलं हाताशी असतात, ती शाकारायला माणूस शोधावा लागत नाही, शिडी लावली की बाबाही करतील. आजीची बाज तिथे बसेल. आजीला हे आवडेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण तिला नकाशा दाखवायच्या आधी पाडायला सुरुवात करू नका, एवढं बाबांना नक्की सांग.

फ्लॅटमध्ये राहणारी मुलं म्हणतील, आमचं काय? आम्ही भिंत कुठे हलवणार? भिंत नाही हलवता येत, पण पडदा लावता येतो. फक्त तो खिडकीच्या बाहेर हवा. काचेच्या आत जाड पडदा लावला तर ऊन आधी घरात शिरतं आणि मग अडतं. बाल्कनीत बाहेरच्या बाजूला बांबूची चटई सोडा, नाहीतर कुंडीत गोकर्णाचा वेल लावून जाळीवर चढवा. आणि बाल्कनी काचेने बंद करायचा घाट घरात चालला असेल, तर सॉक्रेटिसचं नाव सांगून बघा! ते काचघर लडाखात शोभतं. तिथे लेहजवळ फे गावात सेकमोल या संस्थेची मातीची शाळा आहे. दक्षिणेला काचा आणि प्लास्टिकचे कागद लावून ऊन आत कोंडून ठेवतात, आणि बाहेर पाणी गोठत असताना मुलं आत लाकूड-कोळसा न जाळता अभ्यास करतात. तिथे ऊन पाहुणा, इथे ऊन घरजावई. दोघांना एकच वागणूक कशी चालेल?

या आठवड्याचा प्रयोग उदबत्तीचा. दुपारी चार वाजता पंखे बंद करा, खिडक्या उघडा आणि मोठ्या माणसासोबत पेटती उदबत्ती घेऊन प्रत्येक खिडकीपाशी, दारापाशी उभे राहा. धूर आत वळतो की बाहेर, की सरळ वर जातो, ते बघा. घराचा नकाशा काढून त्यावर बाण करा. मग एक एक दार बंद करून पुन्हा बघा, कुठला बाण मेला ते. पडद्यांपासून उदबत्ती लांब धरा. नकाशे मला पाठवा, चौकोनी वहीच्या कागदावर काढलेले चालतील. घराची पश्चिम बाजू लाल पेन्सिलीने रंगवायला विसरू नका.